कर्दळीचं पाणी

१८ जानेवारी, शनिवार

राजे,

आशीर्वाद आधी घेऊन ठेव, पुढं शिव्या आहेत.

तुझ्या पोटात चौथा महिना चालू आहे हे मला तुझ्याकडून कळायला पाहिजे होतं. कळलं कुणाकडून, तर तुझ्या आईच्या मोबाईलवरून. तुझ्या सासूबाईंनी, धम्मशीलाबाईंनी, सोनपेठहून मेसेज टाकला आणि मनिषा तो वाचून पीठ मळता मळता रडायला लागली. त्या दिवशीच्या भाकरी खारट झाल्या. तुझ्या बापानं मुकाट खाल्ल्या.

फोनच करणार होते. पण फोनवर तू "आजी" म्हणतीस आणि नाक ओढत बसतीस, आणि इकडं तुझा बाप ओसरीवरून कान टवकारतो. कागदाचं बरं असतं, तो मधे बोलत नाही. मी दुसरीपर्यंत शिकले, तेवढ्यावर भागवायलेय. काना-मात्रा चुकली तर समजून घे. इंजिनेर कशाला झालीस?

आता मुद्द्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माझं झालं, तुझ्या आईचं झालं. म्हणून मी तुझ्या बापाला, चंद्रभानला, जेवताना म्हणाले, "पोरीला सातव्यात आणायचं. आठव्यात हलवत न्हाईत."

तो ताटातून मान न काढता म्हणाला, "उन्हाळा लय हाय माय. अशा आगीत बाळंतीण कशी राहील? पुण्यातच बरी."

ऐकलंस का? 'येऊ देणार नाही' असं नाही म्हणाला. दीड वर्षामागं तू सिद्धोधनशी कोर्टात लग्न केलंस तेव्हा म्हणाला होता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. आता ऊन म्हणतो. नाही म्हणायला त्याला आता उन्हाची आड घ्यावी लागायलीय. मी ते ऊनच काढून घेणार आहे.

म्हणून आज तू बसवलेली, घर उबदार-गार करणारी पेटी चालू केली. तू गेल्यापासून बंदच होती. तुझ्या बापानं बटनावर चिकटपट्टी मारली होती, ती मी नखानं काढली. गावात कुणी विचारलं तर मी अजून तू शिकवलं तसंच सांगते: आमच्या परसात छातीएवढ्या चरात काळ्या नळ्या पुरल्यात आणि त्यांत पाणी फिरतं. वर ऊन असो का हीव, खालची माती बारमाही एकसारखी. हिवाळ्यात त्या नळ्या मातीतली ऊब घरात आणतात, उन्हाळ्यात घरातली आग मातीत नेऊन टाकतात. लोक मान हलवतात आणि मागं वळून हसतात. हसू दे.

पेटी घरघरली, खोकली, आणि वारा आला तो उंदराच्या बिळातून यावा तेवढा. बटन बंद केलं, झाकण काढलं, जाळी ओढली. जाळी कुठली, गादी! पुढच्या खोलीत माळवदापर्यंत कापूस भरून ठेवलाय, तुझा बाप भावाची वाट बघायलाय, आणि त्या कापसाचं सगळं तंतू तुझ्या पेटीनं नाकानं ओढून घेतलं. मी जाळी धुण्याच्या दगडावर नेली, धोपाटणं उचललं, तर मनिषा धावत आली, "आत्याबाई, थांबा, आधी राजेला विचारा."

म्हणून विचारायलेय. कशी धुवायची, आत अजून काय काय पुसायचं, सगळं बैजवार लिही. चित्र काढ.

नळ्यांवर लावलेली तुझी कर्दळ मजेत आहे. लाल फुलं आलीत.

आजी


९ मार्च, रविवार

राजे,

तुझं पत्र मिळालं. चित्र चांगलं काढलंस, फक्त पेटीपेक्षा मला जास्त म्हातारी काढलीस.

तू म्हणालीस तसं केलं. जाळी कोमट पाण्यात बुडवली, अंगाचा साबण लावला, उलट्या बाजूनं पाणी सोडलं. "सावलीत वाळव" असं एका पानात किती वेळा लिहिशील? मी काय त्याचे पापड करणार होते? जाळीमागच्या पातळ पत्र्यांवर मऊ ब्रश वरून खाली फिरवायचा म्हणालीस. घरात मऊ ब्रश एकच होता, तुझ्या बापाच्या दाढीचा. आता तो रोज आरशापुढं उभा राहून म्हणतो, "ह्या ब्रशात कापूस कुठून यायलाय?" त्याला सांगू नको. बोलत नाहीस तेवढंच बरं आहे सध्या.

कापूसही हलवला. मी म्हणाले, "चंद्रभान, कापूस शेतातल्या आखाड्यावर ने." तो म्हणाला, "भाव वाढू दे, एकदमच नेतो." मी म्हणाले, "भाव वाढंल तवा वाढंल, मला आत्ता शिंका यायल्यात." चार दिवस फणफणला, मग ट्रॅक्टर लावून घेऊन गेला. आता महिन्याला जाळी काढते तर बोटभर धूळ निघते, बस.

थंडी सरेपर्यंत घर असं उबदार राहिलं की माझे गुडघे मला शिव्या द्यायचे थांबले. मी, मनिषा आणि मांजर, आमी तिघी झोताखाली. तुझा बाप बाहेर ओसरीवर घोंगडी पांघरून कुडकुडत. "आत ये की," म्हटलं तर म्हणतो, "मला आत गुदमरतंय." तुला आठवतं का, तू पेटी बसवलीस त्या पहिल्या उन्हाळ्यात हाच माणूस आल्या-गेल्याला हाताला धरून त्या झोताखाली बसवायचा. "माझ्या राजेनं केलंय," म्हणायचा. दूधवाल्याला सुद्धा बसवलं होतं, दूध नासलं त्याचं.

होळीच्या आधीच ऊन चढलंय. बटन गारव्यावर फिरवलं, तर भिंतीवरून पाण्याचे ओघळ. तुझ्या चित्रातली बारीक पांढरी नळी शोधली, जिच्यातनं पेटीचा घाम बाहेर जातो. बाहेरचं तोंड बंद! कुंभारमाशीनं त्यात मातीचं घर बांधलं होतं, आत पिलं. तिनं तिचं बाळंतपण माझ्या नळीत उरकलं, तिला काही ऊन आडवं आलं नाही. काडीनं कोरलं, कोमट पाणी सोडलं, नळी वाहती झाली. भिंत वाळली.

पण गार होईना, राजे. येतो तो वारा कोमट. तोंडदेखल्या पाहुण्यासारखा, आला म्हणायचं आणि सोडून द्यायचं. तुझा बाप येता जाता विचारतो, "झालं का महाबळेश्वर?" मी म्हणते, "होईल." तो हसत नाही, हे मात्र मी बघून ठेवलंय.

तुझी अट वाचली. बापानं स्वतः न्यायला यायचं आणि सिद्धोधनला जावई म्हणून दारातून आत घ्यायचं, तरच येईन. बरोबर आहे. बापाचीच जिद्द आहे, फक्त तू ती चांगल्या अक्षरात लिहितीस. त्याला अजून सांगितली नाही. आधी घर गार होऊ दे. ऊन आहे तोवर तो उन्हामागं लपणार.

आता काय तपासू ते कळव.

आजी


२ एप्रिल, बुधवार

राजे,

पाडवा झाला. साखरेच्या गाठी तुझ्या वाटच्या ठेवल्यात, मुंग्यांनी त्यातला त्यांचा वाटा काढून घेतलाय.

तू लिहिलंस तसं दोन्ही चाव्या बंद करून पंपाजवळचं पितळी बूच खोललं. आतली चाळणी काढली, गाळ निघाला चमचाभर. धुऊन बसवली. पाण्याच्या दाबाचा काटा हिरव्या पट्टीत आहे. मग तू म्हणालीस, पेटीतनं बाहेर जाणारी नळी आणि मातीतनं परत येणारी नळी, दोन्हींना हात लावून बघ, परत येणारी गार लागली पाहिजे. लावला. दोन्ही सारख्याच कोमट. जसं पाणी गेलं तसंच फिरून आलं, मातीनं त्याच्याकडून काही घेतलंच नाही. मनिषाला पण हात लावायला लावला. ती म्हणाली, "मला तर दोन्ही गरमच लागायल्यात." तिला सगळंच गरम लागतं.

आता दुसरी गोष्ट. काल तुझ्या सासूबाई आल्या होत्या. सोनपेठहून एसटीनं, तेवढ्या उन्हात, छत्री घेऊन. त्यांना फाटकात बघून तुझा बाप मागच्या दारानं आखाड्यावर पळाला. घाईत चपला पुढच्या दारातच राहिल्या. एप्रिल महिना, पायाखाली तवा, आणि हा अनवाणी. धम्मशीलाबाईंनी त्या उन्हातल्या चपला बघितल्या, पायानं नाही, हातानं उचलून सावलीत ठेवल्या आणि म्हणाल्या, "परत येतील तेव्हा पाय भाजायचे."

चहा घेतला आमी एका सतरंजीवर बसून, एकसारख्या कपांतून. साखर जास्त झाली होती. मनिषा घाबरली की तिचा हात सुटतो.

त्या म्हणाल्या, "मी करीन तिचं बाळंतपण. हौसेनं करीन. पण तिला इथं यायचंय. सिद्धोधन सांगतो, झोपेत सुद्धा ही पेटीचं बोलते. मग मी कशाला आडवी येऊ?"

मी म्हणाले, "मग तुमीच समजवा तिला. अट सोड म्हणावं."

"अट बरोबर आहे तिची. माझ्या लेकाला तुमी दारातून परत लावलं होतं."

"मी न्हाई, माझ्या लेकानं."

"तुमी कुठं होतात तेव्हा?"

"चुलीपाशी."

"हं," त्या म्हणाल्या. बस. शाळेतल्या बाईचा तो 'हं', राजे, छडीची गरजच पडत नाही.

मग उठल्या आणि सरळ परसात गेल्या. "कर्दळ कुठाय? राजेश्री सांगत होती, लाल फुललीय."

मी म्हणाले, "उन्हानं जरा कोमेजलीय."

त्या उभ्या राहिल्या तिथं खालची जमीन फाटलेली होती, हात जाईल एवढ्या भेगा. त्या भेगांकडं बघून म्हणाल्या, "नर्मदाबाई, चाळीस पोरांचं खोटं पकडून माझं पोट भरतं. ही जागा पावसाशिवाय वर्षभर वली झालेली नाही."

तर आता त्या तुला सांगणारच, त्याच्या आधी मी सांगते. कर्दळ नाही. तू गेलीस त्याच पावसाळ्यानंतर तुझ्या बापानं न्हाणीचं पाणी शोषखड्ड्यात वळवलं. पंचायतीची योजना आहे म्हणाला. योजना होतीच, पण घाई त्याची होती. दिवाळीपर्यंत कर्दळ वाळली आणि उपटून टाकली. तुला वाईट वाटेल म्हणून मी लाल फुलं लिहिली. पोटुशीला काय वाळलेलं झाड कळवायचं का?

पण आज तुझं पत्र हातात आहे आणि त्यात तू विचारायलीस, "आजी, बाकी सगळं नीट आहे तर मग कर्दळीच्या बुडाची माती कशी आहे? काळी माती वाळली की नळीपासून सुटते, मधे पोकळी होते, मग नळीतली उष्णता मातीत जात नाही. म्हणून तर तिथं रोजचं पाणी सोडलं होतं." म्हणजे तू पहिल्या पत्रापासून चाळणी आणि ब्रश लिहीत बसलीस, कारण मी तुला फुलं दाखवली. हिवाळ्यात पावसाची ओल होती म्हणून पेटी चालली, आणि मला वाटलं त्या दाढीच्या ब्रशानंच चालली.

असो. रडत बसायला वेळ नाही, तुझा सातवा चालू झालाय. माती वली करायची ना? करते.

धम्मशीलाबाई गेल्या तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. त्या म्हणाल्या, "येते, विहीणबाई." मी पण 'या, विहीणबाई' म्हणाले. तोंड काही झिजलं नाही.

आजी


१२ एप्रिल, शनिवार

राजे,

मला चक्कर आली नव्हती. मनिषानं फोन करून काहीबाही सांगितलं असेल तर विसरून जा. मी बसले होते. बादली पण माझ्याबरोबर बसली, एवढंच.

सविस्तर सांगते. तुझं पत्र आल्यावर मी घरात फर्मान काढलं. भांडी घासायची तर नळ्यांवर. पाय धुवायचे तर नळ्यांवर. तांदळाचं धुवण, कपड्यांचं निवळ, आंघोळीचं पाणी बादलीनं उचलून, सगळं नळ्यांवर. म्हैस सुद्धा गोठ्यातनं सोडून परसात बांधली, तिला तिथंच धुतली. चार दिवस आमी दोघी बादल्या वाहायलोत आणि जमीन पाणी पिऊन ढेकर पण देईना. वतलं की गडप.

तुझा बाप दोन दिवस बघून न बघितल्यासारखं करत होता. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"माय, म्हैस परसात कामून बांधली?"

"तिला गार वाटावं म्हणून."

"आन् हे पाणी? सरळ भेगंत वतायलीस. भेगंत वतलं की पाणी पाताळात जातंय, माती कोरडीच राहती. सारा जन्म काळ्या रानात गेला तुझा, एवढं कळंना?"

"मला कुठलं कळायला? कळणारे ओसरीवर लोळायलेत."

"मी काय लोळायलो? मी आखाड्यावरनं आत्ता आलो."

"मग जा परत. चपला घालून जा."

त्यानं चपलांकडं बघितलं. मग एकदम म्हणाला, "त्या दिवशी माझ्या चपला सावलीत कुणी ठेवल्या होत्या?"

"तुझ्या लेकीच्या सासूनं."

"पायानं सरकवल्या असतील."

"हातानं उचलल्या."

वळला. गेला. पण चपला घालताना जरा वेळ लागला त्याला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी बादली घेऊन निघाले आणि, सांगितलं तसं, बसले. डोळे उघडले तर तुझा बाप मला उचलून आत न्यायलाय. दीड वर्षात पहिल्यांदा त्या खोलीत त्याचा पाय पडला. मला बाजेवर ठेवलं, झोताखाली, आणि वर हात करून बघितलं. कोमट. "हे असलं गरम वारं?" म्हणाला. मनिषावर ओरडला, "म्हातारीला या भट्टीत ठेवता?" मनिषा, जी आजवर त्याला उलटून बोलली नाही, पदर खोचून म्हणाली, "भट्टी तुमीच पेटवलीय. पाणी कुणी तोडलं?"

मला वाटलं आता भांडी उडणार. काही उडालं नाही. तो परसात गेला आणि भेगांपाशी उकिडवा बसला. एका भेगेत काठी घालून खोली बघितली. काठी जायलीय जायलीय, बुडायलीय. मी खिडकीतनं बघत होते, चक्कर आलेल्या माणसाला तेवढं बघता येतं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तर परसात फावड्याचा आवाज. तळ्यातला बारीक गाळ ट्रॉली भरून आणलेला. आधी भेगा बुजवल्या, खोल भेगेत काठीनं ठासून ठासून. वरून माती भुसभुशीत केली, वाफे काढले, मग पाणी सोडलं, तेही असं हळू की तान्ह्या लेकराला चमच्यानं पाजावं. ते मुरू दिलं, परत सोडलं. मग मोसंबीच्या रानातनं ठिबकची नळी सोडवून आणली आणि वाफ्यांवर अंथरली. वरून सोयाबीनचं भूस पसरलं, ऊन लागू नये म्हणून.

खालच्या नळ्या कुठून कुठं गेल्यात हे त्यानं मला विचारलं नाही, की कुठला कागद काढला नाही. ठिबक बरोबर त्यांच्या डोक्यावरून गेली, वळणासकट. चर खांदताना तोच होता ना तुझ्याबरोबर. टेप तुझ्या हातात, फावडं त्याच्या.

सगळ्यात शेवटी शोषखड्ड्याकडचा पाइप खोलला आणि न्हाणीचं पाणी वाफ्यात वळवलं. मी दारात उभी राहून विचारलं, "कुणासाठी करायलास रे हे?"

"कुणासाठी न्हाई. माती फाटलेली मला बघवत न्हाई."

"बरं," म्हणाले मी. आणि तुझी अट तिथंच, त्याच्या हातात फावडं असताना, एकदा सांगितली. परत सांगणार नाही म्हणाले. तो पाण्याकडं बघत राहिला.

पेटी अजून गार झालेली नाही. तू लिहिलंस, मातीला वेळ दे, ती फुगेल आणि नळीला परत धरेल. देते वेळ. तुझ्याकडं किती आहे ते तू बघ.

आजी


२४ एप्रिल, गुरुवार

राजे,

हे पत्र तुला पोस्टमननं दिलं नाही, हे तुला दिसलंच असेल.

आधी पेटीचं सांगते. मंगळवारी सकाळी सवयीनं दोन्ही नळ्यांना हात लावला. एक कोमट, आणि परत येणारी माठाच्या पोटासारखी गार. मला वाटलं माझाच हात बधिर झाला. मनिषाला बोलावलं. तिनं हात लावला आणि काढेचना, गाल लावून उभी राहिली. दुपारी बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि मी आत गोधडीचा कोपरा पायावर ओढून घेतला. मांजर आलं. म्हैस येऊ बघत होती, तिला हाकललं.

चंद्रभान आखाड्यावरून आला, दारात उभा राहिला. मी पाय आवरून जागा केली. आत आला, झोताखाली बसला, टोपी काढली. बसल्या बसल्या मान कलली. उठला तो थेट शिडी घेऊन आला आणि झोताच्या पट्ट्या फिरवायला लागला. मी म्हणाले, "आता काय मोडायलास?"

"हे वारं बाजंवर थेट यायलंय. लेकराच्या टाळूला लागंल." पट्ट्या वर वळवल्या, खाली उतरून बाजेवर आडवा झाला, वारं लागतंय का बघितलं, परत चढला, अजून थोड्या वळवल्या. ती बाजसुद्धा सुंभ सैल झालाय म्हणून सगळी उकलली आणि नव्यानं विणली. कुणासाठी, हे मी विचारलं नाही. मला उत्तर मिळालं होतं.

धम्मशीलाबाईंनी त्यांच्या शाळेतल्या कर्दळीचे कंद पिशवीत घालून सोनपेठच्या एसटीत कंडक्टरपाशी दिले. हा मानवतच्या स्टँडवर जाऊन घेऊन आला. लावताना म्हणाला, "चांगले निवडलेत." आज दोन कोंब वर आहेत. यावेळी मी खोटं लिहायलेय वाटत असेल तर येऊन बघ.

आणि परवा, जेवता जेवता, तुझा बाप विचारतो, "त्या पोराचं डोकं केवढं हाय?"

मला कळेना. "कुणाचं?"

"त्याच... सिद्धोधनचं."

"मला काय मालूम? कशाला पाहिजे?"

"टोपीला नंबर लागतो," म्हणाला. ताटाकडं बघून.

मनिषानं पातेलं खाली ठेवलं आणि आत गेली. मी म्हणाले, "आपल्या राजेला पसंत पडलं म्हणजे मोठंच असेल. थोरली घे, कागद घालून बसवता येती."

काल मानवतला जाऊन आला. टॉवेल, टोपी, आणि तुझ्या सासूबाईंना एक छत्री. म्हणाला, "त्यांची फाटलीय." म्हणजे त्या दिवशी मागच्या दारानं पळताना सुद्धा त्यानं छत्री बघून ठेवली होती.

आज मानवत रोडवरून गाडी धरायलाय. तुझा पत्ता मी कागदावर लिहून खिशात घातला, तर तो म्हणाला, "मला पाठ हाय." कधी पाठ केला देव जाणे.

आता नीट ऐक. तो तुला 'चूक झाली' म्हणणार नाही. तेवढं वाक्य त्याला येत नाही, मी शिकवलं नाही आणि मलाही येत नाही. तो म्हणेल, "पेटीची जाळी धुवायला घरात कुणी धड माणूस न्हाई, म्हाताऱ्या आईनं माझा दाढीचा ब्रश खराब केला, म्हणून आलो." ब्रशाचं त्याला कळलंय. तू तेवढ्यावर समजून घे. आणि सिद्धोधनला सांग, टोपी मोठी झाली तरी हसायचं नाही, घालून बसायचं. आणि त्यानं डोक्यावर घातली की त्यालाही निघायला सांग. दारातून आत येताना मी तुकडा ओवाळणार आहे, दोघांवरून. कुठल्या गाडीनं यायचं ते तुमी तिघं ठरवा, गचके कमी बसतील असं बघा.

बाळंतिणीची शेगडी मी पेटवणारच, आधीच सांगून ठेवते. एकीकडून तुझी पेटी गार करील आणि बाजेखालून मी शेक देईन. दोघींमधलं कोण जिंकतं ते बघू.

सातवा अजून सरलेला नाही.

तू हे वाचायलीस तोवर तो उंबऱ्याबाहेरच उभा असेल, पिशवी हातात धरून. त्याच्या जावयाला या घराच्या दारातून त्यानंच एकदा परत लावलंय. म्हणून तू 'आत या' म्हटल्याशिवाय तो आत पाऊल टाकायचा नाही. पत्र ठेव खाली, आणि म्हण.

आजी